बायकांची लाली

कार्दलाच्या औषधाच्या दुकानात
काउंटरच्या या बाजूला मी एकोणीस वर्षं उभी आहे.
या बेटावरच्या बहुतेक हृदयांची मला तोंडओळख आहे,
कोणतं अडखळतं, कोणतं उगाच धावतं,
कोणाचं नवऱ्याला कळू द्यायचं नाही.

हेल्यू रेबाने मंगळवारी येते.
सायकलवर, बासष्टाव्या वर्षी,
टोपलीत काळा ब्रेड आणि मांजराचं खाणं.
रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या, वॉर्फरिन.
रक्ताचा आकडा दोन आणि तीनच्या मध्ये हवा.
मार्चमध्ये अडीच होता, शहाण्या मुलासारखा.
जूनअखेर दीड.
डॉक्टरांनी गोळी वाढवली.
जुलै सरता सरता सव्वा.
परत वाढवली. आकडा ढिम्म.

"गोळ्या चुकवतेस का?"
"तीस वर्षं टपाल वाटलं मी या बेटावर,
एक पत्र चुकीच्या दारात पडलं नाही."

"आणखी काही घेतेस?"
"काही नाही."
"काहीच नाही?"
"काही नाही गं."

सुटे पैसे मोजायला तिने हातमोजे काढले
आणि मला तिची बोटं दिसली.
पेरांवर जांभळट लाल डाग,
साबणाने न गेलेले.

हा रंग मला ठाऊक आहे.
उन्हाळी शेकोट्यांच्या रात्रीपासून
जुनिपरच्या झुडपांमागे पिवळी फुलं उमलतात.
कळी चिमटीत चुरडली की लाल होते.
आमच्याकडे नाव आहे नाइस्तेपुना.
बायकांची लाली.

"हे होय?" ती म्हणाली. "हे औषध थोडंच आहे.
हा तर चहा."

मागे रांगेत कोणी नव्हतं, म्हणून असेल,
तिने सांगितलं.
पाळी जाऊन दहा वर्षं झाली
तरी रात्री तीनला अंगात भट्टी पेटते.
बर्फातसुद्धा खिडकी सताड उघडते ती.
आणि मग ते दिवस,
कोणी गेलेलं नसतं
तरी घरात सुतक असतं.
डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे.
कुरण काहीच म्हणालं नाही,
फक्त फुललं.
दिवसाला तीन कप. चार, कधी कधी.

मी तिला समजावलं:
ही फुलं यकृताला घाई लावतात,
गोळी कामाला लागायच्या आत
ते तिला मागच्या दाराने बाहेर काढतं.
रक्त घट्ट होतं, हेल्यू. गाठ धरतं.
मेंदूपर्यंत जायला तिला सायकल लागत नाही.

ती गप्प झाली. मग म्हणाली,
"आजच फेकते सगळं."

"आज नाही."
कारण वाढवलेली गोळी आता अंगात आहे,
फुलं एकाएकी थांबली तर आकडा उसळेल,
हिरड्यांतून, नाकातून, कुठूनही रक्त येईल.
डॉक्टरांना आत्ता फोन लावते. ते ठरवतील.
दर आठवड्याला रक्त तपासू.

"म्हणजे चहा सोडायलाही चिठ्ठी लागते!"
ती हसली. मीही, जरा उशिरा.

माझ्यामागे तिसऱ्या फळीवर
त्याच फुलांच्या डब्या आहेत,
झाकणावर हिरवं पान, खाली "नैसर्गिक".
त्या मीच विकते.
त्यातली एक माझ्या स्वयंपाकघरात आहे.
मला चौदा महिने झाले.
मी हृदयाचं काही घेत नाही,
अजून.

सप्टेंबरात तिचा आकडा दोनच्या जरासा खाली.
डॉक्टर खूश.
तिच्या रात्री मोजायला
सुई कोणीच टोचत नाही.

"मग तीन वाजता मी पिऊ काय?"
दारात थांबून तिने विचारलं.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा
माझ्याकडे फळीवरून काढून द्यायला काही नव्हतं.
पावतीच्या मागे मी माझा नंबर लिहिला.

आजवर तिने दोनदा फोन केला.
दोन्ही वेळा मी जागीच होते.